न वाचलेला कागद

हा विषय घरोघरीं वाचल्या जाणाऱ्या मासिकांत मांडावा कीं न मांडावा, या विचारांत माझे चार महिने गेले. लहानपणीं वाईस शास्त्र्यांपुढें बसून थोडेंबहुत संस्कृत शिकलेल्या आणि पुढें जन्मभर मास्तरकी केलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या लेखणीला हा विषय सहजासहजीं पेलत नाहीं. परंतु ज्या व्यक्तीचें हें दुःख, तिनेंच अखेर परवानगी दिली. हा लेख तिनें दोन वेळां वाचला आहे, आणि नको वाटलेलीं दोन वाक्यें स्वतःच्या हातानें खोडलीं आहेत. म्हणून वाचकांनीं, व विशेषेंकरून वाचकभगिनींनीं, संकोच क्षणभर बाजूस ठेवून मजकूर शेवटपर्यंत वाचावा, अशी प्रार्थना आहे.

विषय असा: खोकतांना, शिंकतांना, हंसतांना, पाण्याची कळशी उचलतांना कित्येक स्त्रियांना लघवी आवरत नाहीं, नकळत थोडी गळते. या दुखण्यानें कोणी दगावत नाहीं, आणि म्हणूनच त्याविषयीं कोणी बोलत नाहीं. प्रसूतीच्या वेळीं कटिभागाच्या तळाशीं असलेले स्नायु ताणले जातात, मूत्रनलिकेला खालून असणारा आधार ढिला पडतो, आणि पोटावर दाब आला कीं नलिका घट्ट मिटून राहत नाहीं. उतार वय, स्थूलता, जुना खोकला, बद्धकोष्ठाचें कुंथणें या गोष्टी त्यांत भर घालतात. इतकी साधी ही गोष्ट आहे. पण तिनें माणसाचें अर्धें आयुष्य घरांत कोंडून ठेवतां येतें, हें मीं माझ्या घरांत पाहिलें आहे.

आमच्या घरीं हें दुखणें धाकट्या मुलीच्या बाळंतपणानंतर, म्हणजे १९८८ सालीं आलें. आणि मला तें कळलें २०१४ सालीं. मधलीं सव्वीस वर्षें आम्हीं एकाच छपराखालीं काढलीं. मला सौ.चें वागणें दिसत होतें, कारण दिसत नव्हतें. ती कीर्तनाला येईनाशी झाली. मीं म्हटलें, हिची देवधर्माची गोडी कमी झाली. कृष्णाबाईच्या उत्सवांत घाटावर ती कोपऱ्यांत उभी राही आणि प्रसादाआधींच घरीं परते. मीं म्हटलें, हिला माणसांचा कंटाळा. सणावारीं स्वयंपाक करतांना ती दोन दोन वेळां सोंवळें बदली. मीं पाहुण्यांदेखत तिच्या अति सोंवळ्याची थट्टा करीत असें, आणि पाहुण्यांबरोबर तीही हंसत असे. ते हंसणें तिला किती महाग पडत होतें, हें मला ठाऊक नव्हतें.

२०१४ च्या श्रावणांत थोरलीची मंगळागौर झाली. मुलींनीं आईला फुगडीला ओढलें. तिनें एक फेरा घेतला, हात सोडवून घेतला, आणि माजघरांत जाऊन दार लावलें. थोरली मागोमाग गेली. त्या रात्रीं तिनें मला ओटीवर बोलावून सर्व हकीकत सांगितली. मुलीनें बापाला असें कांहीं सांगावें लागावें, याची मला लाज वाटली. परंतु त्या रात्रीं लाज मुलीची नव्हती, माझी होती.

दिवाळीच्या सुटींत आम्हीं शहरांतल्या एका मोठ्या रुग्णालयांत गेलों. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथील शल्यवैद्य गृहस्थ सौजन्यशील होते. "अर्ध्या तासाचं काम. एक बारीक पट्टी आंत बसवायची, दुसऱ्या दिवशीं घरीं," असें ते म्हणाले. सौ.नें माझ्याकडे पाहिलें. माझ्यापुढें इंग्रजी मजकुराचा चार पानी कागद आला. मीं शेवटचें पान उघडून सही केली, आणि बोट ठेवून तिला म्हटलें, "इथं तुझी."

सदतीस वर्षांच्या नोकरींत मीं प्रत्येक परीक्षेच्या दिवशीं मुलांना एकच उपदेश केला असेल: प्रश्नपत्रिका हातीं आल्यावर ती आधीं संपूर्ण वाचा, मग लेखणी उचला. माझ्या बायकोच्या शरीराची प्रश्नपत्रिका मीं न वाचतां उत्तर लिहिलें.

पुढील कथा थोडक्यांत सांगतों. शस्त्रक्रिया झाल्यावर पहिले पांच दिवस लघवी मुळींच उतरेना. नळी घालून घरीं यावें लागलें. मग नळी निघाली आणि दोन महिने सौ. पूर्ण कोरडी होती. हें मी मुद्दाम लिहितों, कारण जें चांगलें झालें तें लपविणें हेंही असत्यच होय. त्या दोन महिन्यांत तिनें गणपतीला एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि पसरणीच्या घाटानें पांचगणीस जाऊन आली. तिसऱ्या महिन्यांत उजव्या जांघेंत कळा येऊं लागल्या. पुढें रक्ताचे थेंब दिसूं लागले, आणि आंत कांहींतरी टोंचतें असें ती म्हणूं लागली. पुन्हां त्याच रुग्णालयांत गेलों. वय झालें, मन हळवें झालें, असें उत्तर मिळालें. घरीं आल्यावर मींही म्हटलें, "आतां थोडं सोसायला शीक." जी बाई सव्वीस वर्षें सोशीत आली होती, तिला मीं हें सांगितलें. पट्टी दुसऱ्या कोणीं बसविली. पण हें वाक्य माझें आहे, आणि त्याचा दोष मला कोणावर टाकतां येत नाहीं.

२०१७ सालीं दुसऱ्या एका शहरांतील स्त्री-शल्यवैद्यांनीं तिची तपासणी केली. पट्टीची कड योनिमार्गाची त्वचा कापून बाहेर आली होती. बोटाला लागत होती. "यांना खरंच टोंचत होतं," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि सौ. तेथेंच रडूं लागली. दुखण्यासाठीं नव्हे, तिचें म्हणणें कोणीतरी खरें मानलें म्हणून. उघडी पडलेली पट्टी कापून काढली. जांघेकडे गेलेली काढतां आली नाहीं. आज कळा निम्म्या आहेत, आणि गळती थोडी परत आली आहे.

आमची धाकटी इंग्लंडांत नोकरीस आहे. ती रजेवर आली तेव्हां तिनें तिकडील अहवाल व वैद्यकीय निबंध बरोबर आणले आणि आठ दिवस दुपारीं आम्हां दोघांना ते मराठींत समजावून सांगितले. तेव्हां मला कळलें कीं चार पानी कागदांत जें होतें, तें जगांत पुष्कळांनीं न वाचतां सहीनिशीं स्वीकारलें होतें. त्यांतील मुख्य गोष्टी वाचकांसाठीं देतों.

या दुखण्यावर शस्त्रक्रिया एक नाहीं, अनेक आहेत. १९६१ सालीं बर्च नांवाच्या अमेरिकन वैद्यांनीं पोटाकडून जाऊन मूत्राशयाच्या मानेजवळचा भाग टांक्यांनीं वर उचलून कटीच्या हाडाजवळील बळकट बंधाला बांधण्याची पद्धति प्रसिद्ध केली. दुसऱ्या पद्धतींत रोग्याच्याच पोटाच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी काढून ती मूत्रनलिकेखालीं झोळीसारखी बांधतात. तिसरी पद्धति स्वीडनमधील उल्फ उल्मस्टेन यांनीं १९९६ सालीं पुढें आणली: पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लास्टिकच्या धाग्यांची जाळीदार पट्टी योनिमार्गांतून लहान छेद घेऊन नलिकेखालीं ठेवावयाची. पोट उघडावें लागत नाहीं, रोगी लवकर घरीं जातो. म्हणून ती जगभर पसरली. २००१ सालीं पट्टीचीं टोंकें जांघेकडून बाहेर काढण्याचा प्रकार निघाला. सौ.ची पट्टी या शेवटच्या प्रकारची होती.

यांपैकीं एकही पद्धति निर्धोक नाहीं. टांक्यांच्या पद्धतीनंतर लघवीस अडथळा येऊं शकतो, आणि कांहीं वर्षांनीं योनिमार्गाची मागील भिंत खालीं उतरण्याचा संभव वाढतो. स्वतःच्या आवरणाची झोळी गळती अधिक चांगली थांबविते; पण अमेरिकेंत ६५५ स्त्रियांवर या दोन पद्धतींची तुलना झाली, तिच्या २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत झोळीवाल्या स्त्रियांना मूत्रमार्गाचा संसर्ग, लघवीस अडथळा आणि घाईची लघवी हे त्रास अधिक झालेले आढळले. जाळीच्या पट्टीचे दोष आणखी वेगळे. हाडामागून जाणारी पट्टी बसवितांना मूत्राशयाला भोंक पडूं शकतें. जांघेकडून जाणारीनें जांघ व मांडी दुखूं शकते. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ५९७ स्त्रियांच्या अभ्यासांत वर्षाअखेर दोन्ही प्रकारांचें यश जवळजवळ सारखें, शेंकडा ८१ व ७८, दिसलें. परंतु लघवी अडून पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागण्याचें प्रमाण हाडामागील पट्टींत शेंकडा २.७ होतें व जांघेकडील पट्टींत शून्य. उलट बधिरपणा-अशक्तपणासारखे मज्जातंतूंचे त्रास जांघेकडील पट्टींत शेंकडा ९.४ व हाडामागील पट्टींत ४ होते. याशिवाय पट्टी त्वचा कापून योनिमार्गांत, क्वचित् मूत्रनलिकेंत वा मूत्राशयांतही शिरते. पतिपत्नींचा सहवास दुःखद होतो. आणि पूर्वीं नसलेली घाईची लघवी नव्यानें सुरू होते.

यांत सर्वांत कठीण गोष्ट अशी कीं पट्टी परत काढणें हें बसविण्याइतकें सोपें नाहीं. जाळीच्या छिद्रांतून शरीराचें मांस वाढतें, त्यानेंच ती धरून राहते. आमच्या वाड्याच्या मागील भिंतींत पिंपळाचें रोप रुजलें होतें. लहानपणीं उपटलें नाहीं, आणि पुढें मूळ ओढूं गेलों तों भिंतीचा चिराच निखळला. तसाच हा प्रकार आहे.

हें जगाला कळावयास वेळ कां लागला, याचें एक कारण धाकटीनें सांगितलें तें ऐकून मी मास्तर म्हणून चकित झालों. अमेरिकेंत अशा वस्तूला, ती पूर्वीं मंजूर झालेल्या वस्तूसारखीच आहे एवढें दाखविल्यास, विक्रीची परवानगी मिळण्याची वाट आहे. एक पट्टी १९९६ सालीं मंजूर झाली. तिच्या आधारें १९९८ सालीं दुसरीला परवानगी मिळाली. आणि १९९९ सालीं पहिली पट्टी उपद्रव फार होतो म्हणून बाजारांतून परत घेतली गेली. दुसरीची परवानगी मात्र राहिली. ज्याच्या वहींतून उतरवलें तो मुलगा नापास झाला, तरी उतरवणारा वरच्या वर्गांत गेला!

पुढें स्त्रियांनींच आवाज उठविला. स्कॉटलंडमध्यें २०१४ सालीं सरकारनें या जाळ्यांचा वापर थांबविण्यास रुग्णालयांना सांगितलें; इंग्लंडमध्यें जुलै २०१८ मध्यें तो स्थगित झाला. २०१९ च्या नोव्हेंबरांत ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयानें हजारों स्त्रियांच्या सामुदायिक दाव्यांत उत्पादकांविरुद्ध निकाल दिला: धोक्यांची पुरेशी सूचना दिली गेली नव्हती. जुलै २०२० मध्यें बॅरोनेस कंबरलेज यांचा अहवाल इंग्लंडांत प्रसिद्ध झाला. स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षें वयावर, मनावर, ऋतुनिवृत्तीवर ढकलल्या गेल्या, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. तो भाग धाकटी वाचीत असतां सौ. इतकेंच म्हणाली, "म्हणजे मी एकटी नव्हतें." मला त्या वेळीं तिच्याकडे पाहवलें नाहीं.

परंतु न्यायानें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पट्टीमुळें पुष्कळ स्त्रिया खरोखर बऱ्या झाल्या आहेत आणि त्यांना कांहींही उपद्रव झालेला नाहीं. अमेरिकेंत २०१९ सालीं विक्रीस बंदी झाली ती अंग खालीं येण्यावर योनिमार्गांतून बसविल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांची. गळतीवरील पट्टी तेथें अद्यापि बसवितात, आपल्याकडेही बसवितात. म्हणून कोणा भगिनीला पट्टी बसविलेली असेल आणि ती सुखांत असेल, तर तिनें या लेखानें घाबरूं नये. सांगणें एवढेंच कीं टोंचत असेल, रक्त जात असेल, लघवी अडत असेल, तर तें मनाचें नव्हे. वेळ न दवडतां दाखवावें, आणि एकानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्याकडे जावें.

शस्त्रक्रियेच्या आधींचा उपाय तर आम्हांला कोणीं सांगितलाच नाहीं, आणि आम्हींही विचारला नाहीं. १९४८ सालीं अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनीं कटितळाच्या स्नायूंच्या व्यायामाविषयीं लिहिलें. लघवी रोखतांना जे स्नायु आवळले जातात तेच आवळावयाचे, क्षणभर धरावयाचे आणि सैल सोडावयाचे. इंग्लंडांतील सरकारी मार्गदर्शनाप्रमाणें जाणकाराच्या देखरेखीखालीं निदान तीन महिने, दिवसांतून तीन वेळां, प्रत्येक वेळीं निदान आठदां हा व्यायाम करावा, आणि मगच पुढील उपायांचा विचार करावा. त्यानें सर्वांची गळती थांबते असें नाहीं. पण कित्येकींना शस्त्रक्रियेची गरज उरत नाहीं, आणि या उपायाचें कांहीं परत काढावें लागत नाहीं. शिवाय घाईनें होणारी गळती हा निराळाच प्रकार असून त्यावर ही शस्त्रक्रिया उपयोगाची नाहीं. तेव्हां आपली गळती कोणत्या प्रकारची, हें आधीं ठरलें पाहिजे.

अहवाल वाचून झाल्यावर मला विद्यार्थिदशेंत पाहिलेल्या सुश्रुतसंहितेची आठवण झाली, आणि मीं पोथी काढली. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायांत मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचें वर्णन आहे. तेथें आचार्य शस्त्राचा गौरव करीत नाहींत. कुशल वैद्याच्या हातींही यश अनिश्चित आहे, म्हणून शस्त्र हा शेवटचा उपाय; न केलें तर मरण निश्चित आणि केलें तर संशय, म्हणून आधीं धन्याला विचारून मगच तें करावें, असा त्यांचा आशय आहे. आणि पुढें स्त्रियांविषयीं निराळी सावधगिरी सांगितली आहे: त्यांचा गर्भाशय मूत्राशयाला लागून असतो, शस्त्र चुकीच्या रीतीनें चालविल्यास मूत्र गळणारा व्रण मागें राहतो. मीं हें तरुणपणीं शब्दार्थासह वाचलें होतें. तेव्हां मला त्यांतील समास दिसले. बाई दिसली नाहीं.

एक गोष्ट मात्र आतां बदलली आहे. आज विचारावयाचें तें धन्याला नव्हे. २००८ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें एका स्त्रीच्या खटल्यांत निर्णय दिला कीं शहाण्या-सज्ञान रोग्याची संमति त्याची स्वतःचीच असली पाहिजे. जवळच्या नातलगानें दिलेली चालत नाहीं. आणि उपचाराचें स्वरूप, मोठे धोके व दुसरे पर्याय सांगितल्याखेरीज ती संमति खरी नव्हे. आमच्या वेळीं हा निर्णय होऊन सहा वर्षें लोटलीं होतीं, आणि मी "इथं तुझी" म्हणून बोट दाखवीत होतों.

म्हणून ज्या घरीं असा प्रसंग येईल, तेथें पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. गळती कोणत्या प्रकारची आहे? व्यायामानें पुरेसा काळ प्रयत्न झाला आहे काय? आंत कांहीं कायमचें ठेवणार काय, आणि तें काढावें लागल्यास कोण काढतो? या वैद्यांनीं अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? बसविलेल्या वस्तूचें नांव व क्रमांक कागदावर मिळेल काय? आणि हे प्रश्न तिनें स्वतः विचारावेत. पुरुषानें जवळ बसावें, बोलूं नये. कागद इंग्रजींत असेल तर तो घरीं नेऊन कोणाकडून तरी मराठींत वाचवून घ्यावा. ही शस्त्रक्रिया आजच्या आज करावी लागते अशी नसते. आठवडाभर थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

सौ. आतां रोज तीन वेळां व्यायाम करते. सकाळची पाळी माझ्या संध्येच्या वेळीं असते. मी आचमन करीत असतों आणि ती शेजारीं पाटावर बसून मनाशीं आंकडे मोजते. गळती पुष्कळ कमी आहे, नाहींशी झालेली नाहीं. यंदाच्या उत्सवांत आम्हीं घाटावर कडेच्या जागीं बसलों; पिशवींत जादा वस्त्र होतें. कीर्तनकारांच्या एका गोष्टीला सर्व मंडळी हंसली, सौ.ही हंसली. मग ती उठून गेली आणि थोड्या वेळानें परत येऊन बसली. प्रसाद घेऊनच आम्हीं घरीं आलों.

हा लेख तिच्या हातीं दिला तेव्हां मीं विचारलें, "छापायला देऊं ना?" ती म्हणाली, "द्या. पण आधीं मला सगळा वाचूं द्या. मग सांगतें."